फुंकर

बाई पानांचा श्वास मोजायच्या.
असं सांगितलं की वाडीत लोक हसायचे.
"पानाक नाक खंय असता?" शाबी विचारायची,
खुबे वेचता वेचता, गुडघाभर चिखलात.
केळुसकर बाई चिडायच्या नाहीत. म्हणायच्या,
असतात, खालच्या अंगाला, एकेका पानाला लाखांनी.
शाबी तिवराचं पान उलटं करून बघायची,
वरचं मीठ जिभेला लावायची
आणि पुढच्या खुब्याकडे वळायची.

मी होडी धरून ठेवायचो. माझं काम तेवढंच,
आणि बॅटरी, आणि दर दहा मिनिटांनी आकडा.
यंत्राचं खोकं जांभ्या चिऱ्याएवढं जड.
त्याच्या दोन नळ्या. एक पानाकडे,
एक मोकळ्या हवेत उघडी.
पान काचेच्या डबीत, देठाशी चिमटा,
लहान मुलाचा कान धरावा इतका अलगद.

दिवसा पान उजेड खातं, साखर करतं,
एवढं शाळेतलं आठवत होतं.
रात्रीचं कुणी शिकवलं नव्हतं.
रात्री पान आपली कमाई मोडतं,
थोडी थोडी, उजाडेपर्यंत पुरेल अशी.
किती मोडतं, हा बाईंचा प्रश्न.
उधाणाचं पाणी मुळांवर चढलं की जास्त की कमी,
खाडी खारट झाली की काय करतं.
एवढ्यासाठी चार उन्हाळे
आचऱ्याच्या खाडीत, डासांत,
पेजेचा डबा आणि ताडपत्री घेऊन.

अवसेची रात्र. वारा पडलेला.
चिखलातून वर आलेली तिवराची बोटं
एकेक करून पाण्याखाली गेली.
बाई ताडपत्रीवर डोकं टेकून निजल्या होत्या.
कागदाच्या पट्टीवर निळी रेघ
सरळ चालली होती, डुलक्या घेत घेत.
तेव्हा उघड्या नळीच्या तोंडाशी
मला एक हुमला दिसला.
आत गेला असता तर फुकट मेला असता.
मी वाकलो,
फू केलं.

उजाडताना बाईंनी पट्टी उलगडली.
तीन वाजून दहा मिनिटांनी
निळी रेघ एकदम माडावर चढलेली.
"दाजी, हे काय?"
मी हुमल्याचं सांगितलं.
वाटलं, रात्र वाया घालवली, आता बोलणी बसतील.
बाई म्हणाल्या, "परत मारा बघू फुंकर, तेवढीच."
मी मारली. रेघ जेमतेम केळीएवढी.
पुन्हा मारली. आता नारळीच्याही वर.
दहा वेळा मारली असेल.
हुमल्याशिवाय फुंकर तशी येईना.

मग त्यांनी बोट ओठांवर ठेवलं.
पूर्वेकडे कांदळवनामागे करडं व्हायला लागलं होतं
आणि रेघ खाली उतरत होती,
उतरत उतरत शून्यावर येऊन थांबली.
"आता," बाई हळूच म्हणाल्या,
"जेवढं सोडतंय तेवढंच घेतंय."
पान तसंच दिसत होतं. मीठ लागलेलं,
कडेला अळीने कुरतडलेलं.
ना उधार, ना जमा.
मी आमच्या घरात असा दिवस
कधी पाहिला नव्हता.
दोन मिनिटंही झाली नसतील,
ऊन शेंड्याला लागलं, रेघ शून्याखाली गेली,
पान कामाला लागलं.

पुढे त्यांचा लेख छापून आला.
बाईंनी एक प्रत पाठवली, मला वाचता येणार नाही हे ठाऊक असून.
मास्तरांच्या मुलाने वाचून दाखवला.
तिसऱ्या पानावर, तळाला, बारीक अक्षरात:
तीन दहाची नोंद हिशेबात धरलेली नाही.

परतताना, होडी वल्हवता वल्हवता
मी त्यांना एक विचारलं होतं.
त्या फुंकरीतलं काही
तिवराने घेतलं असेल का?
"रात्री नाही घेत," बाई म्हणाल्या.
बराच वेळ त्या पाण्याकडे बघत होत्या.
"पहाटेपर्यंत तिथेच राहिली असती, तर."

वारा पडलेला होता, मी म्हटलं.